कॉलेजच्या सर्व्हरवर आपलं वेबपान चढवताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

"सर, अपलोड केलं, पण दिसत नाहीये." लॅबच्या दारात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरचा पुढे बोलायच्या आत मी फाइलचं नाव विचारतो. दहातल्या आठ वेळा घोटाळा फाइल चढवताना झालेला नसतो. तो त्याच्या आधी, स्वतःच्या लॅपटॉपवरच झालेला असतो, आणि सर्व्हरवर गेल्यावर फक्त उघडा पडतो. म्हणून या लेखात तयारीलाच जास्त जागा दिली आहे. घाई असली तरी दुसरा टप्पा गाळू नका.

इथे गृहीत धरलेली व्यवस्था बहुतेक कॉलेजांत आणि विद्यापीठांत असते: लिनक्स सर्व्हर, त्यावर अपाची (पानं ब्राउझरला पुरवणारं सॉफ्टवेअर), प्रत्येकाला एक खातं, आणि पत्त्यात तिल्डा म्हणजे नागमोडी रेघेनंतर आपलं युजरनेम. आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्र विभागातल्या प्राध्यापकांची पानं अशाच तिल्डावाल्या पत्त्यांवर असतात. लेखात फाइलची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्ये आणि सगळी स्मॉल अक्षरांत करायची.

१. आधी चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या

सिस्टिम अ‍ॅडमिन किंवा लॅब असिस्टंटकडून हे विचारून घ्या:

सर्व्हरचं नाव, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये 'होस्ट'च्या चौकटीत काय लिहायचं ते. वेबसाइटचा पत्ता आणि हे नाव एकच असेल असं धरून चालू नका. पुष्कळ ठिकाणी फाइली एका मशीनवर चढवायच्या असतात आणि पान दिसतं दुसऱ्याच नावावर.

जोडणीचा प्रकार (एसएफटीपी आणि एफटीपी या फाइली पाठवायच्या पद्धती) आणि पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक. एसएफटीपी असेल तर साधारण २२, जुनं एफटीपी असेल तर २१. दोन्ही चालत असतील तर एसएफटीपीच घ्या, कारण साध्या एफटीपीत पासवर्ड वाटेत उघडा जातो.

फोल्डरचं नेमकं नाव. अपाचीचं ठरलेलं नाव 'पब्लिक_एचटीएमएल' आहे, मधे अंडरस्कोअर. तुमच्याकडे वेगळं ठेवलेलं असू शकतं.

पान शेवटी कोणत्या पत्त्यावर दिसणार, आणि घरून जोडायचं तर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून कॉलेजच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट, लागतो का.

जागेची मर्यादा किती आहे तेही याच वेळी विचारा. कोटा भरलेला असला तर फाइल चढल्यासारखी दिसते, पण तिथे शून्य बाइटची नुसती टरफलं पडलेली असतात.

२. घरच्या फोल्डरची मांडणी

लॅपटॉपवर एकच फोल्डर करा. पान, फोटो, पीडीएफ, सीएसएस (पानाची सजावट ठरवणारी फाइल) सगळं त्याच्या आत. एक फोटो डेस्कटॉपवर, रेझ्युमे डाउनलोड्समध्ये आणि पान तिसरीकडे, असं चालणार नाही. हा फोल्डर म्हणजे सर्व्हरवर जे दिसायला हवं त्याची हुबेहूब प्रत. अशी प्रत तयार असली की चढवणं म्हणजे नुसतं ओढून टाकणं उरतं.

पहिल्या पानाचं नाव 'इंडेक्स.एचटीएमएल'. होम नाही, माय-पेज नाही, कॅपिटल आय घेऊन इंडेक्स नाही. नुसता पत्ता टाकला की सर्व्हर याच नावाची फाइल शोधतो. ती नसली तर 'फॉरबिडन' असं पान येतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे फोल्डरातल्या सगळ्या फाइलींची यादी जगाला दिसते.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेंशन, लपवून ठेवतं. नोटपॅडमध्ये तुम्ही 'इंडेक्स.एचटीएमएल' नावाने सेव्ह करता, स्क्रीनवरही तेच दिसतं, प्रत्यक्षात फाइलचं नाव 'इंडेक्स.एचटीएमएल.टीएक्सटी' झालेलं असतं. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने हे पान तीन वेळा काढून तीन वेळा चढवलं होतं. मी तिच्या लॅपटॉपवर फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू' मेन्यूत जाऊन 'फाइल नेम एक्स्टेंशन्स'वर खूण केली आणि त्या फोल्डरातल्या चारही फाइलींना एकदम टीएक्सटीची शेपटी फुटली. ती खूण करून ठेवा आणि परत काढू नका.

हीच खूण दुसरा लपलेला उपद्रवही दाखवते. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोंचं शेपूट बऱ्याचदा कॅपिटल अक्षरांत 'जेपीजी' असतं. पानात तुम्ही लिहिता स्मॉलमध्ये. विंडोजला दोन्ही सारखेच, त्यामुळे घरी फोटो झकास दिसतो. लिनक्सला मात्र राम आणि श्याम जितके वेगळे, तितकी ही दोन नावं वेगळी. आमच्याकडच्या एका प्राध्यापकांच्या पानावर आठवडाभर फोटोच्या जागी तुटकी चौकट होती आणि ते नेटवर्कला दोष देत होते. दोष तीन कॅपिटल अक्षरांचा होता.

म्हणून नावांचा नियम एकच ठेवा: रोमन स्मॉल अक्षरं, आकडे आणि शब्दांमध्ये आडवी छोटी रेघ. मोकळी जागा नको, कंस नको, आणि मराठी नावाची फाइलसुद्धा नको. तसं देवनागरी नाव चालतं, पण पत्ता कॉपी करून पाठवला की त्यातल्या एकेका अक्षराच्या, काना-मात्रेच्या जागी टक्केचिन्हांसकट नऊ-नऊ रोमन खुणा उमटतात. 'माझे संशोधन' या नावाची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाच ओळींची होते आणि मध्येच तुटते.

मग वाटा बघा. पानाच्या कोडमध्ये 'सी' ड्राइव्हचं नाव कुठेही असता कामा नये. काही एडिटरमध्ये फोटो ओढून टाकला की पूर्ण वाट लिहिली जाते, सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव, पिक्चर्स वगैरे. ती वाट फक्त तुमच्या लॅपटॉपवर आहे. लिहायचं ते नुसतं 'फोटो' फोल्डरचं नाव, मग तिरपी रेघ, मग फाइलचं नाव. ही तिरपी रेघ उजवीकडे झुकणारी हवी. विंडोजच्या वाटांमध्ये असते ती उलटी रेघ इथे नको.

तपासणी: फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला, शक्य तर तो पेन ड्राइव्हवर टाका आणि दुसऱ्या मशीनवर तिथून पान उघडा. फोटो, लिंका, पीडीएफ सगळं चालत असेल तर वाटा बरोबर आहेत. पेन ड्राइव्हवर जे तुटतं ते सर्व्हरवर तुटणारच. ही तपासणी कॅपिटल-स्मॉलची चूक पकडत नाही, तेवढी नावं डोळ्यांनी ताडून बघा.

फोटोंबद्दल तीन गोष्टी. मोबाइलचा फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. बाराशे पिक्सेल रुंदीचा करून घेतला की पानासाठी भरपूर होतो. आयफोनचे एचईआयसी फोटो क्रोममध्ये दिसत नाहीत, ते जेपीजी करून घ्या. आणि घरी काढलेल्या फोटोच्या पोटात तो कुठे काढला ते अक्षांश-रेखांशासकट लिहिलेलं असू शकतं. विंडोजमध्ये फोटोवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. तिथे तळाशी ही माहिती काढून टाकायची सोय आहे.

सावधान: मार्कशीट, आधार, मुलांच्या हजेरीची मोबाइल नंबरांसकट यादी हे त्या फोल्डरात "तात्पुरतं"सुद्धा ठेवू नका. लिंक दिली नाही म्हणजे सापडत नाही, असं नसतं.

३. मराठी मजकूर असेल तर

मराठी पान चढवणाऱ्यांचे घोटाळे दोन प्रकारचे असतात, आणि लक्षणांवरून ते ओळखता येतात.

पहिला: तुमच्या मशीनवर सुंदर मराठी, दुसऱ्याच्या मशीनवर रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची खिचडी. मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. विभागाच्या जुन्या वर्ड फाइलींमधून परिचय कॉपी केला की हमखास हे होतं. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे त्यातली एक ओळ व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करणं. तिथे मराठी दिसली तर युनिकोड आहे. नसेल तर मजकूर कन्व्हर्टरमधून काढा आणि जोडाक्षरं, रफार हाताने तपासा, तिथे कन्व्हर्टर चुकतात.

दुसरा: मराठीच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेलं रोमन 'ए' आणि त्यामागे चार टोकं फुटलेलं गोल चिन्ह, ही जोडी पुन्हा पुन्हा. मजकूर बरोबर आहे, ब्राउझर तो चुकीच्या पद्धतीने वाचतोय. पानाच्या हेड भागात अगदी वर कॅरसेट (अक्षरं वाचायची पद्धत) यूटीएफ-८ आहे असं सांगणारी मेटा ओळ हवी. ती पहिल्या १०२४ बाइटांच्या आत यायला हवी, म्हणून लांबलचक कॉमेंट तिच्या वर ठेवू नका. ओळ असूनही चिन्हं दिसत असतील तर सर्व्हर स्वतःच वेगळं कॅरसेट सांगतोय, आणि त्याचा शब्द मेटा ओळीच्या वरचढ असतो. ते अ‍ॅडमिनकडून बदलून घ्यावं लागेल.

नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र मजकूर सेव्ह करतानाच मेलेला आहे. जुन्या नोटपॅडमध्ये एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, 'आन्सी' राहिलं की असं होतं. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ घेतो. त्याआधीच्या मशीनवर 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये ते निवडावं लागतं. मेलेली अक्षरं परत येत नाहीत, पुन्हा टाइप करा.

४. सॉफ्टवेअर आणि पहिली जोडणी

विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणारं फाइलझिला घ्या. फक्त विंडोज असेल तर विनएससीपीही उत्तम आहे. फुकट आवृत्ती पुरते. फाइलझिला इन्स्टॉल होताना सोबत आणखी काही घ्यायचं का असं विचारलं गेलं, तर नको म्हणा. ब्राउझरमध्येच एफटीपीचा पत्ता टाकून काम व्हायचं ते दिवस गेले: फायरफॉक्सने २०२१ च्या जुलैत आणि क्रोमने त्याच ऑक्टोबरमध्ये ती सोय काढून टाकली. जुन्या लॅब-मॅन्युअलमध्ये मात्र ती अजून छापलेली सापडते.

वरच्या 'क्विककनेक्ट' पट्टीऐवजी 'साइट मॅनेजर' उघडा. क्विककनेक्टमध्ये पोर्टची चौकट रिकामी राहिली की सॉफ्टवेअर साधं एफटीपी धरतं, आणि मग जोडणीच होत नाही. साइट मॅनेजरमध्ये 'न्यू साइट', प्रोटोकॉल एसएफटीपी, होस्ट, पोर्ट, युजरनेम भरा. 'लॉगऑन टाइप'मध्ये 'आस्क फॉर पासवर्ड' निवडा.

सावधान: लॅबच्या मशीनवर पासवर्ड सेव्ह करू नका. मास्टर पासवर्ड लावलेला नसेल तर फाइलझिला तो जवळपास उघडाच साठवतं, आणि तुमच्यानंतर त्या खुर्चीवर बसणारा तो काढू शकतो. उठताना 'एडिट' मेन्यूतून 'क्लिअर प्रायव्हेट डेटा' करा.

पहिल्यांदा जोडताना 'होस्ट की अननोन' अशी खिडकी येईल. त्यात एक लांब फिंगरप्रिंट, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारी अक्षर-आकड्यांची माळ, असतो. तो अ‍ॅडमिनकडच्या फिंगरप्रिंटशी जुळवा आणि मग ओके म्हणा. पुढे कधी होस्ट की 'बदलली आहे' अशी सूचना आली तर सवयीने ओके दाबू नका, फोन करून विचारा. सर्व्हर नवा बसवला असेल, किंवा मधे कोणी तरी बसलेलं असेल.

जोडणी झाली नाही तर खालच्या लाल ओळी वाचा, त्या उगाच नसतात. 'टाइम्ड आउट' म्हणजे तुम्ही सर्व्हरपर्यंत पोचलाच नाहीत, बहुधा व्हीपीएन नाही. 'रिफ्यूज्ड' म्हणजे पोचलात, पण पोर्ट चुकला. 'ऑथेंटिकेशन फेल्ड' म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड. तो तीन-चार वेळा चुकला तर थांबा, पुष्कळ सर्व्हर जास्त प्रयत्न झाले की तुमचा पत्ताच काही काळ बंद करतात.

एमएसला अमेरिकेत गेलेल्या मुलांसाठी एक टीप. तिथे पासवर्डनंतर मोबाइलवर मंजुरी मागायची पद्धत सर्रास आहे. तिथे लॉगऑन टाइप 'इंटरॅक्टिव्ह' घ्या, आणि 'ट्रान्सफर सेटिंग्ज'मध्ये एका वेळी एकच जोडणी अशी मर्यादा घाला. नाहीतर फाइलझिला चढवताना आणखी जोडण्या उघडतं आणि फोन दर मिनिटाला मंजुरी मागत बसतो.

५. योग्य फोल्डरात शिरणं आणि चढवणं

डावीकडे तुमचा लॅपटॉप, उजवीकडे सर्व्हर. जोडल्यावर उजवीकडे तुम्ही होम फोल्डरात, म्हणजे तुमच्या खात्याच्या मुख्य फोल्डरात, असता. होममध्ये टाकलेलं पान कोणालाही दिसत नाही. पब्लिक_एचटीएमएलवर दोनदा क्लिक करून आत शिरा. फोल्डरच नसेल तर राइट-क्लिक करून तयार करा.

आता डावीकडे तुमच्या घरच्या फोल्डरच्या *आत* जा, आतलं सगळं निवडा आणि उजवीकडे ओढा. अख्खा फोल्डर उचलून टाकू नका. तसं केलंत तर पान पब्लिक_एचटीएमएलच्या पोटातल्या आणखी एका फोल्डरात जाऊन बसतं आणि तुमच्या पत्त्यावर काहीच नसतं.

तपासणी: खाली 'फेल्ड ट्रान्सफर्स' असा टॅब आहे. तिथे कंसात आकडा दिसला तर काम अर्धवट आहे. मग दोन्ही बाजूंचे आकार ताडून बघा. उजवीकडे शून्य दिसलं तर कोटा.

६. परमिशन: इथेच 'फॉरबिडन' जन्माला येतं

पान सर्व्हरवर आहे, पण ते वाचायला अपाची नावाचा तिऱ्हाईत येणार आहे. त्याला होम फोल्डरच्या दारातून, पब्लिक_एचटीएमएलच्या दारातून आणि शेवटी फाइलपर्यंत जाता आलं पाहिजे. एक दार जरी बंद असलं तरी ४०३, म्हणजेच 'फॉरबिडन'.

आकडे लक्षात ठेवा: होम फोल्डर ७११, पब्लिक_एचटीएमएल आणि आतले सगळे फोल्डर ७५५, फाइली ६४४. पहिला आकडा मालकाचा, शेवटचा परक्यांचा, आणि प्रत्येक आकडा म्हणजे बेरीज: चार म्हणजे वाचणं, दोन म्हणजे लिहिणं, एक म्हणजे फोल्डरच्या बाबतीत आत जाऊ देणं. होमला ७११ यासाठी, की परक्याला तिथून पुढे जाता यावं, पण आत काय काय आहे ते बघता येऊ नये. उबुंटूच्या २१.०४ आवृत्तीपासून नव्या खात्याचं होम आपोआप ७५० परमिशनने तयार होतं, म्हणजे परक्याला पूर्ण बंद. सर्व्हर नवा केल्यावर "गेल्या वर्षी चालत होतं" असं ऐकू येतं, त्यामागे बरेचदा हेच असतं.

फाइलझिलामध्ये फोल्डरवर राइट-क्लिक, 'फाइल परमिशन्स', आकडा भरा. होमसाठी एक पायरी वर जाऊन तुमच्या नावाच्या फोल्डरवर क्लिक करा. ते जमत नसेल तर अ‍ॅडमिनला सांगा.

त्या खिडकीत खाली 'रिकर्स' अशी खूण आहे, म्हणजे आतल्या सगळ्याला लागू करा. तिच्यासोबत फक्त फाइलींना की फक्त फोल्डरांना हा पर्याय येतो, आणि तो वाचल्याशिवाय ओके दाबलं की गडबड. सगळ्यालाच ६४४ लावलं तर फोल्डरांचा 'एक' जातो आणि मग मालकालाही आत शिरता येत नाही, म्हणजे स्वतःच्याच घराबाहेर. त्यातून सुटायचं तर वरून सुरुवात करा: आधी बाहेरच्या फोल्डरला ७५५, मग त्याच्या आतल्याला.

सावधान: ७७७ देऊ नका. "सगळं उघडून टाक, चालेल" हा सल्ला हॉस्टेलवर पिढ्यान् पिढ्या फिरतोय. त्याने सर्व्हरवर खातं असलेल्या कोणालाही तुमचं पान बदलता येतं. आणि होम फोल्डरवर 'रिकर्स' कधीच नको, आतल्या खासगी फाइली आणि एसएसएचच्या चाव्याही (पासवर्डशिवाय सर्व्हरवर शिरू देणाऱ्या फाइली) उघड्या पडतील.

सगळे आकडे बरोबर असून ४०३ येत असेल तर ते तुमच्या हातातलं नाही. रेड हॅट घराण्यातल्या सर्व्हरवर होममधून पानं दाखवायची परवानगी मुळात बंद असते. अ‍ॅडमिनला ती चालू करावी लागते.

७. उघडून बघा

लॅपटॉपवरची फाइल दोनदा क्लिक करून उघडू नका. पत्त्याच्या पट्टीत 'फाइल' असं दिसलं तर तुम्ही घरचीच प्रत बघताय. मोबाइलचा वायफाय बंद करा आणि डेटावर पूर्ण पत्ता टाका, तिल्डासकट.

४०४ (पान सापडलं नाही) आलं तर नाव, कॅपिटल-स्मॉल किंवा फोल्डर चुकला. ४०३ आलं तर सहावा टप्पा, नाहीतर इंडेक्स फाइलच नाही. पानाऐवजी कोड दिसतोय तर टीएक्सटीची शेपटी अजून आहे. जुनंच पान दिसतंय तर ब्राउझरने साठवलेली प्रत आहे. कंट्रोल आणि एफ-५ एकत्र दाबा.

८. नंतरचे बदल

मूळ प्रत नेहमी घरची. सर्व्हरवरच्या फाइलवर राइट-क्लिक करून तिथल्या तिथे 'एडिट' करायचा मोह होतो. महिन्याने घरची जुनी फाइल ओढून टाकता आणि तो बदल पुसला जातो.

तीच फाइल पुन्हा टाकली की सॉफ्टवेअर 'ओव्हरराइट' करू का विचारतं. 'इफ सोर्स न्यूअर' निवडलं तर फक्त बदललेल्या फाइली जातात, मात्र लॅपटॉपचं घड्याळ बरोबर असलं पाहिजे. घरची फाइल पुसली म्हणून सर्व्हरवरची पुसली जात नाही, ती वेगळी काढावी लागते. रेझ्युमे बदललात तर नाव तेच ठेवा, नाहीतर लोकांकडे गेलेल्या लिंका जुन्या फाइलवरच उघडत राहतील.

कॉलेज सोडताना खातं कधी बंद होणार ते महिनाभर आधी विचारा. त्या दिवसापूर्वी उजवीकडचा फोल्डर डावीकडे ओढून अख्खा उतरवून घ्या, आणि इंडेक्स फाइलमध्ये नव्या पत्त्याची एक ओळ टाकून ती तेवढी शेवटची चढवा.